बेरीज हाये का वजाबाकी?

नागपूर–अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथे एका स्नेह्यांकडे गेलो असता त्यांचा चौथीतला नातू गणिताची वही घेऊन आमच्यापुढे येऊन बसला. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आकड्यांशी आमचा संबंध उत्तरपत्रिकांवरील गुणांपुरताच. तरीही नकार देववेना. उदाहरण असे होते : ‘एका झाडावरून ४८ संत्री तोडली. ती दुसऱ्या झाडावरून तोडलेल्या संत्र्यांपेक्षा १५ ने जास्त आहेत. तर दुसऱ्या झाडावरून किती संत्री तोडली?’

मुलाने त्यावरून नजर फिरवली आणि विचारले, “बेरीज हाये का वजाबाकी, थे सांगा.” आम्ही उत्तर देण्याआधी त्यानेच निकाल लावला. ‘जास्त’ आले म्हणजे बेरीज. उत्तर, त्रेसष्ट.

मग आम्ही वही मिटली व त्याला विचारले, कोणत्या झाडाची संत्री जास्त भरली? “पयल्या.” मग दुसऱ्याची? “मंग त्या झाडाचे कमीच भरतीन नं! तेहतीस.” संत्र्यांच्या मुलखातले पोर ते, झाडांची तुलना त्याला कोणी शिकवावी? त्याला वजाबाकी येत होती. अडले होते ते ‘ती’ या सर्वनामापाशी आणि ‘पेक्षा’ या शब्दयोगी अव्ययापाशी. अर्थात, अडले होते मराठीत. आणि ‘कच्चा’ हा शेरा मात्र पडला होता गणिताच्या वहीत.

‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, ‘प्रत्येकी’ म्हणजे गुणाकार किंवा भागाकार, अशी खुणेच्या शब्दांची यादी मुलांकडून पाठ करून घेण्याची रीत सर्वत्र आढळते. भरलेल्या वर्गाला चार दिवसांत उत्तरे काढता यावीत म्हणून शिक्षक हा मार्ग धरतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. तथापि ही यादी मुलाला वाक्य न वाचण्याची सवय लावते, हा तिचा खरा दोष आहे. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्राथमिक शाळेतील मुलांना एक प्रश्न घालण्यात आला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून ते वय काढून दाखवले! ती मुले मंदबुद्धी खचितच नव्हती. दिलेल्या आकड्यांचे काहीतरी केलेच पाहिजे, एवढा एकच धडा त्यांनी मनापासून गिरवला होता.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण आणि बोलण्या-लिहिण्यातील उलटा क्रम यांचा विचार मांडला; विरोधकांना त्यात मराठीचा ऱ्हास दिसला. तो वाद अनाठायी होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु संख्येच्या नावावर एवढी शाई खर्च करणाऱ्या आम्हां भाषाप्रेमींनी ती संख्या ज्या वाक्यात बसते त्या वाक्याकडे पाहिले काय? आमच्या तळेगावकर मित्राला ‘त्रेसष्ट’ उत्तम म्हणता येत होते. ते उत्तर चुकीचे होते, एवढेच.

वस्तुतः शाब्दिक उदाहरण हा गद्याचाच एक प्रकार आहे. त्यात पात्रे असतात, प्रसंग असतो, आणि एक गोष्ट मुद्दाम सांगायची राखलेली असते. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त गणिते श्लोकांत घातली, समोर श्रोती कल्पून तिला संबोधून विचारली. भाषा आणि गणित यांची ही सोयरीक एवढी जुनी असताना आपण शाळेच्या वेळापत्रकात त्यांची फारकत का करावी?

यात आमचा स्वार्थही आहे. हीच मुले दहा वर्षांनी आमच्या वर्गात येतात. कवितेत ‘पाऊस’ आला की आनंद, ‘संध्याकाळ’ आली की विरह, अशी यादी त्यांच्याजवळ तयार असते. कविता वाचण्याआधीच ती विचारतात, “सर, यात कोणता रस आहे?” आम्हांला त्यात ‘बेरीज हाये का वजाबाकी’ हाच प्रश्न ऐकू येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून एक उदाहरण मराठीच्या तासाला घ्यावे. ते मोठ्याने वाचावे. आकडे झाकून काय घडले ते मुलाला त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्यावे. ‘ती’ म्हणजे कोण, हे विचारावे. आणि मग आपल्या वावरातले एक उदाहरण त्यालाच रचायला सांगावे. उत्तर काढण्याची घाई त्या तासाला नको. या कामी गणिताच्या शिक्षकांइतकीच जबाबदारी आम्हां मराठीवाल्यांची आहे, आणि ती आम्ही आजवर टाळली आहे, हे कबूल करूनच थांबतो.