किरकोळ इजा आणि नुकसानभरपाई

आजरा तालुक्यात भाताबरोबर काजूचेही पीक महत्त्वाचे असून काजूबीवर प्रक्रिया करणारे कारखाने येथे आहेत. बी फोडताना टरफलातील दाहक तेलाने हात भाजतो, कधी पात्याने बोट कापते. इजा लहान आणि मालक ओळखीचा. अशा वेळी भरपाई मागणे म्हणजे उपकार विसरणे होय, असे पुष्कळ मजुरांना वाटते. हा समज योग्य नव्हे.

भरपाई म्हणजे मालकावर ठेवलेला ठपका नव्हे. कामामुळे घडलेल्या अपघाताचा भार, चूक नसली तरी, मालकाने सोसावा, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले. ट्रॅक्टर व यंत्रे यांनी चालणारे शेतीकामही त्या कायद्यात समाविष्ट होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे तत्त्व पुढे चालविले आहे. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तेथे लाभ विम्यातून मिळतो.

मात्र इजेमुळे तीन दिवसांहून अधिक काळ काम करता आले नाही, तरच मालक भरपाई देणे लागतो. म्हणून प्रत्येक ओरखड्यासाठी मागणी करणे व्यर्थ आहे. परंतु जखम चिघळेल की नाही, हे पहिल्या दिवशी कोणास सांगता येते? यास्तव इजा होताच मालकास लेखी कळवावे व डॉक्टरांचा कागद जपून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे मजुरांस समजावून सांगावे. तसेच मळणी यंत्रावर मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यासही सांगावे, कारण तेथे तोच मालक असतो.