झोळी घेताना नुसता रंग पाहू नका

एका कडेवर बाळ नि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी! ही तारांबळ टाळायला हल्ली पुष्कळ आया गळ्यात अडकवायची झोळी घेतात. पण दुकानात पाहतात काय, तर रंग आणि नक्षी. आधी पाहायचा तो बाळाचा श्वास. पहिले चार महिने बाळाची मान पुरती धरलेली नसते. खोल झोळीत ते मुडपलं, हनुवटी छातीला टेकली, की श्वास कोंडतो. बिचाऱ्याला रडताही येत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली पालकांना हाच इशारा दिला होता. तेव्हा बाळ उभं, छातीशी घट्ट आणि मान जरा वाकवली की टाळूची पापी घेता येईल इतकं वर हवं. चेहऱ्यावर पदर नको. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर असावेत. पाय नुसते लोंबकळणं कोवळ्या खुब्यांना चांगलं नाही. कापड सुती, खांद्यावरचा पट्टा रुंद. आजीचं जुनं नऊवारीही झकास, फक्त बांधून दाखवायला आजी हवी! बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा वजनाने कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि झोळीत बाळ असताना गॅसपाशी अजिबात उभ्या राहू नका.