'सीआयडी'त साक्षीदार कुठे आहे?

संपादक महोदय,


'सीआयडी' ही हिंदी मालिका २१ डिसेंबर २०२४ पासून पुन्हा सुरू झाली, त्याचा आमच्या घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला. जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८ या काळात तिचे १५४७ भाग झाले. त्यांतले कितीतरी मी जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन पाहिले आहेत. तरीही तिच्याविषयी एक तक्रार मनात आहे. मी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे ती गप्प बसू देत नाही.

मालिकेचा साचा लहान मुलांनाही पाठ आहे. प्रेत सापडतं, डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत काहीतरी मिसळून निष्कर्ष सांगतात, इन्स्पेक्टर दया दार तोडतो, संशयिताच्या कानाखाली बसते, तो घडाघडा सगळं कबूल करतो आणि एसीपी प्रद्युम्न त्याला 'फाशी होणार' असं तिथल्या तिथे सांगून टाकतात. हे सगळं माहीत असून माणसं का बघतात? मला वाटतं, त्या साच्यात मोठा दिलासा आहे. मेलेला माणूस कोणीही असो, त्याच्या मरणाचा छडा लागतो. कुणाचा फोन आला म्हणून तपास थांबत नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी ही गुन्ह्याची मालिका आहे. शिवाय पन्नाशीला टेकलेल्या शिवाजी साटम यांना हिंदी वाहिनीने प्रद्युम्नच्या भूमिकेत नायक केलं आणि त्यांनी दोन दशकं ती मालिका पेलली, याचा मराठी प्रेक्षक म्हणून मला अभिमान आहे. एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युम्न मेल्याचं दाखवलं, तेव्हा लोकांनी ते मान्यच केलं नाही, आणि पुढे ते परत आले. एवढं प्रेम फार थोड्या पात्रांच्या वाट्याला येतं.

पण या मालिकेत साक्षीदार नावाचा माणूसच नाही, आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला त्याची किंमत चांगली ठाऊक आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. ते प्रकरण साऱ्या महाराष्ट्रात गाजलं. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच महिन्यात नगरच्याच न्यायालयात कोपर्डीच्या अल्पवयीन मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या खटल्यातल्या तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. तिथे साक्षी टिकल्या, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळली. दोन्ही वेळा निकालाचा भार पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या साध्या माणसांवर होता. ज्या गावात खून झाला त्याच गावात त्यांना पुन्हा राहायचं असतं, त्याच पाणवठ्यावर जायचं असतं, त्याच सोसायटीतून पीककर्ज काढायचं असतं.

'ती करमणूक आहे, लोकांना कळतं' असं उत्तर मला नेहमी मिळतं. सगळ्यांना कळत नाही. न्यायालयाच्या व्हरांड्यात फिर्यादीच्या नातेवाइकांनी मला अनेकदा विचारलं आहे, 'साहेब, पोलिसांनी दोन लगावून कबूल करून घेतलं असतं, तर एवढ्या तारखा कशाला पडल्या असत्या?' पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हा नियम होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये कायम ठेवला आहे. मार सहन न होऊन निरपराध माणूसही काहीही कबूल करील, म्हणून तो केलेला आहे. ज्या थपडेवर आपण घरात टाळ्या वाजवतो, ती उद्या आपल्याच पोराच्या गालावर बसू शकते.

याहून मोठं नुकसान मला वेगळंच दिसतं. गुन्हा उलगडला की काम संपलं, असं मनात ठसतं आणि 'पोलीस बघतील की' म्हणत माणूस मागे सरतो. पंचनाम्यावर सही करायला पंच मिळत नाही, समन्स घ्यायला माणूस घरात सापडत नाही. त्याला भित्रा म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. त्याच्या पाठीशी कोण उभं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. धोका असल्यास संरक्षण मागता येतं, ही गोष्ट आमच्या व्हरांड्यात बसलेल्या साक्षीदारांपैकी क्वचितच कुणाला माहीत असायची.

जी मालिका गावोगावच्या घरांत पोहोचते, ती हे एका रात्रीत सांगू शकते. २००४ मध्ये याच मंडळींनी १११ मिनिटांचा अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये चित्रित केला होता, तेव्हा धाडसाची त्यांना वानवा नाही. त्यांनी एक भाग असा करावा, ज्यात आरोपी सुरुवातीलाच पकडला गेलेला आहे. ज्या बाईने खून पाहिला, तिच्या घरी रात्री माणसं येऊन बसतात. सकाळी ती संरक्षणाचा अर्ज घेऊन न्यायालयात जाते, पुकारा होतो, उलटतपासणी चालते. इन्स्पेक्टर अभिजीत आणि दया त्या दिवशी दालनात मागच्या बाकावर बसून राहतील. मराठी वाहिन्यांच्या लेखकांनाही माझी हीच विनंती आहे. त्यांना तर हे विषय शोधायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जि. अहिल्यानगर