रविवार कुणाच्या बापाचा?

दोस्तहो, सायकलवर लिहितोय. कुणी म्हणंल, मोर्चे सोडून हे कुठं सायकलीच्या मागं लागलं! लागू द्या.

दर रविवारी मुंबई-ठाण्याचे हौशी सायकलवाले भिवंडी ओलांडून अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागतात. पुढं अकलोली. तानसा नदीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं. तिथं पाय शेकायचे, चहा मारायचा, परत फिरायचं. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, आणि काहींची सायकल तर अशी की तेवढ्या पैशात आमच्या गोदीतल्या हंगामी कामगाराचं घर वर्षभर चालंल. आपल्यातले काहीजण हसतात. म्हणतात, पोट भरलेल्यांची थेरं.

मी हसत नाही. पाठीवर गोणी नाही, मुकादमाची हाक नाही, मनात आलं म्हणून माणूस चाळीस-पन्नास मैल हिंडतो, झाडं बघतो, नदी बघतो. यात वाईट काय? हे सुख खोटं नाही. ते मोजक्यांच्या खिशात आहे, भांडण त्याचं आहे.

या लोकांची एक परीक्षा असते. ब्रेवे म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेत कार्डावर शिक्के. सगळ्यांत नामांकित पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली सुरू झाली, आता चार वर्षांतून एकदा भरते. १२०० किलोमीटर, ९० तास. कष्टाचं काम आहे, नाकारत नाही.

आता दुसरा हिशोब मांडू. मे २०२०, टाळेबंदी. ज्योतीकुमारी पासवान, १५ वर्षांची पोर, जखमी बापाला मागं बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला निघाली. अंतर तेवढंच, सुमारे १२०० किलोमीटर. तिच्या कार्डावर कुणी शिक्का मारला? जगभर कौतुक झालं, सायकल महासंघानं चाचणीला बोलावलं. एका पोरीवर ही पाळी आली याची लाज वाटायच्या ऐवजी व्यवस्थेनं तिला जिद्द असं नाव दिलं. त्याच दिवसांत भिवंडीच्या यंत्रमागावरचे कामगार सायकली घेऊन उत्तर प्रदेशाकडं निघाले होते. त्यांना कोण खेळाडू म्हणालं?

सायकल तीच. घाम तोच. एकाचं चाक हौसेनं फिरतं, दुसऱ्याचं भुकेनं. फरक पायात नाही, वेळेत आहे. रविवार कुणाच्या हातात आहे, त्यात आहे.

आणि हा रविवार आला कुठून? आभाळातनं पडला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना उभं केलं, तेव्हा १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना आठवड्याची सुट्टी मिळाली. १९४६ साली बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली, आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. म्हणजे आज अकलोलीला जाणारा साहेब ज्या सुट्टीवर स्वार होतो, ती घामेजलेल्या माणसांनी कमावलेली आहे. त्याला ठाऊक नसंल तर सांगा. प्रेमानं सांगा, पण सांगा.

आता ती कमाई कुरतडायला सुरुवात झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवडा ४८ तासांचाच राहील म्हणे, वरच्या तासांचे जादा पैसे मिळतील म्हणे. पण बारा तास यंत्रापुढं उभा राहिलेला माणूस सुट्टीला सायकल काढंल, की मेल्यासारखा पडंल? आणि भिवंडीच्या गोदामांत रोजंदारीवर खपणाऱ्याला तर सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी.

आम्ही भाकरी मागितली, पाणी मागितलं, जमीन मागितली. आता फुरसतही मागा. भरपगारी सुट्टी मागा. बिनकामाचं हिंडणं ही चैन नाही, तो माणूसपणाचा हिस्सा आहे. आमच्या पोरांनी डबा न बांधता, हजेरी न चुकवता, उगीचच सायकल काढावी, अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसावं, आणि "कुठल्या कामाला आलास?" असं विचारायची कुणाची छाती होऊ नये.

तोवर हा रविवार आमच्या नावावर बाकी आहे.