मालवणचे प्रवाळ आणि मराठवाड्याचा वाटा

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याने समुद्रातल्या प्रवाळांची चिंता कशाला करावी? हा सवाल चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रवाळ वाचले की मराठवाड्यात पाऊस वाढेल, असे उत्तर कोणी दिले तर ते साफ खोटे. खरी बाजू खोट्या आधारावर लढवू नये. नांदेडची गोदावरीही शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते, मालवणच्या किनाऱ्याशी तिचे देणेघेणे नाही. आपला संबंध येतो तो सुट्टीत. दिवाळीत, मे महिन्यात इकडच्या गाड्या तारकर्ली-मालवणला लागतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग होते. तिथे दमलेला पर्यटक दगड समजून ज्यावर पाय टेकतो, तो पुष्कळदा दगड नसतो, प्रवाळ असते. वरचा पातळ थर जिवंत असतो, टाचेखाली तो चिरडतो. गोलाकार प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. होडीचा नांगर तर एका फटक्यात त्याहून मोठा तुकडा उखडतो.

यावर शहाणा आक्षेप असा की, समुद्रच तापतोय, तेव्हा नांगर आवरून काय साधणार? पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की प्रवाळाला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते, हे खरेच आहे. पण पांढरे पडणे म्हणजे मरणे नव्हे. पाणी निवले तर ते सावरू शकते. मात्र त्याच वेळी गाळ, सांडपाणी आणि नांगर यांचा मारा चालू असेल, तर सावरणे कठीण. उष्णता आपल्या हातात नाही म्हणून हातातलेही सोडायचे, हा युक्तिवाद आळशी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्याची झळ मच्छीमारांनाच का? ही तक्रार रास्त आहे. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणारा पारंपरिक मच्छीमार हा प्रवाळाचा वैरी नाही. एलईडी दिव्यांच्या आणि पर्ससीनच्या (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) मासेमारीविरुद्ध आंदोलने त्यानेच केली. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी संपल्या नाहीत. म्हणून कायद्याचा धाक आधी तिथे दिसावा आणि अभयारण्याचे नियम मच्छीमारांना विचारून ठरावेत.

आपल्या वाट्याचे काम त्यामानाने सोपे आहे. पुढच्या सुट्टीत होडीत बसण्याआधी नांगर कुठे टाकणार ते विचारा आणि पाण्यात उतरल्यावर पाय टेकू नका.