लिटरचा हिशोब

मोठी डिझेल गाडी गावात आली, पारासमोर थांबली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते?" गाडी फॉर्च्युनर असो, स्कॉर्पिओ-एन असो की थार. हा प्रश्न विचारणाऱ्याला काही जण हसतात. एवढे लाख मोजणाऱ्याला डिझेलची कसली फिकीर, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. गाडी एकदाच विकत घेतली जाते, डिझेल पुढची दहा-पंधरा वर्षं घ्यावं लागतं. शिवाय ते परदेशातून आणलेल्या तेलापासून बनतं आणि त्याचा धूर सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

अडचण उत्तराची आहे. "चौदा देते", "हायवेला पंधरा कुठं गेली नाही" असं ठामपणे सांगणाऱ्या किती जणांनी ते मोजलेलं असतं? बहुतेकांनी शोरूममध्ये ऐकलेला नाहीतर डॅशबोर्डवर दिसलेला आकडा पाठ केलेला असतो. मी अनेक वर्षं अशी फोर बाय फोर डिझेल गाडी चालवतो आहे आणि डिझेलची नोंद डायरीत ठेवतो आहे. माझ्या डायरीत शहरातलं ॲव्हरेज आठ ते दहाच्या मध्ये आहे, मोकळ्या रस्त्यावर बारा-साडेबारा. सव्वादोन टनांच्या आसपास वजन आणि तीन लिटरच्या जवळपासचं इंजिन असलेल्या गाडीचे हे आकडे मला वावगे वाटत नाहीत.

मग जाहिरातीतला आकडा खोटा असतो का? नसतो. तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. आपण ज्याला 'एआरएआय मायलेज' म्हणतो, त्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचं घर पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. पुणेकर सकाळी फिरायला जातात त्या टेकडीच्या एका भागाला 'एआरएआय टेकडी' असंच नाव पडलं आहे. अशा प्रयोगशाळांमध्ये गाडी रोलरवर उभी करून चालवतात. किती वेळ, किती वेगाने, कधी थांबायचं, याचं वेळापत्रक सेकंदागणिक ठरलेलं असतं. चाचणी वीसेक मिनिटांची, अंतर अकरा किलोमीटरच्या आत, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास आणि जास्तीत जास्त वेग ९०. एसी बंद. इंधन मोजायची रीत तर पाहण्यासारखी आहे : सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या वायूंमध्ये कार्बन किती, हे तपासून किती डिझेल जळालं याचा हिशोब मांडतात.

दोन गाड्यांची तुलना करायला ही चाचणी उत्तम आहे, कारण सगळ्यांना एकच पेपर असतो. पण त्या पेपरात मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन नाही, सिंहगड रस्त्यावरचा संध्याकाळचा ट्रॅफिक नाही आणि ताशी १२० हा वेगही नाही. हलक्या, बुटक्या गाडीला याचा थोडा फटका बसतो. जड आणि उंच गाडीला मोठा बसतो. का, ते थोड्या गणिताने पाहू.

आधी वजन. २,२०० किलोची गाडी ताशी ६० वेगाने धावत असताना तिच्यात जी ऊर्जा साठलेली असते, ती सिग्नलला ब्रेक दाबला की उष्णता होऊन उडून जाते. पुन्हा ६०चा वेग गाठायला तेवढीच ऊर्जा नव्याने लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली साधारण ३० टक्के चाकांपर्यंत पोहोचते असं धरलं, तर असं पस्तीस वेळा थांबून पुन्हा वेग घेण्यात एक लिटर जातं. शहरात पस्तीस वेळा थांबायला कितीसा वेळ लागतो, ते आपल्याला ठाऊक आहे. एसी लावून उभं राहिलं की इंजिन तासाला लिटरभर पितं, ते वेगळं.

मग घाट. हीच गाडी ५०० मीटर उंच चढवायला, म्हणजे ढोबळमानाने खोपोलीहून खंडाळ्याला न्यायला, सपाट रस्त्याच्या तुलनेत सुमारे एक लिटर जास्तीचं लागतं. उतरताना त्यातलं थोडं परत मिळवता येतं, पण गाडी गिअरमध्ये ठेवूनच. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजच्या इंजिनांमध्ये डिझेलची फवारणी पूर्ण थांबते. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. न्यूट्रलवर घाट उतरला की डिझेल वाचतं, हा समज म्हणूनच उलटा आहे. शिवाय जड गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. कृपा करून हे कुणी करू नका.

तिसरा मुद्दा वाऱ्याचा, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून तो फार महत्त्वाचा झाला आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०च्या तुलनेत १२०ला तो सव्वादोन पट असतो. चाचणीतल्या सर्वाधिक वेगाशी, म्हणजे ९०शी तुलना केली तरी पावणेदोन पटींहून जास्त. सेडान हवा कापत जाते. फॉर्च्युनरसारखी गाडी उंच, रुंद आणि जमिनीपासून वर उचललेली असते, ती हवा ढकलत जाते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. माझ्या अनुभवात सलग १००च्या वेगाला साडेबाराच्या आसपास ॲव्हरेज पडतं, सलग १२०ला दहा. म्हणजे एका वेळी ५६ लिटर, दुसऱ्या वेळी ७०. चौदा लिटर जास्त जाळून वाचतात ती सत्तर मिनिटं. कुणाला ती हवी असतील, पण त्यांची किंमत माहीत हवी. छतावर कॅरियर असेल तर ती आणखी वाढते.

आता फोर बाय फोरबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक अशा गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवर चालतात आणि गरज पडली की पुढची चाकं जोडली जातात. न जोडताही ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, शाफ्ट यांचं वजन कायम वाहावं लागतं. डांबरी रस्त्यावर फोर-हाय लावून, म्हणजे पुढची चाकं जोडून, फिरणारे लोक मी पाहिले आहेत, 'ग्रिप चांगली मिळते' म्हणून. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मधला डिफरन्शियल नसेल तर त्यांची आपसात ओढाताण होते आणि टायर, गिअर, डिझेल तिन्ही झिजतात. ही सोय चिखल, वाळू आणि निसरड्या रस्त्यासाठी आहे.

जिथे तिची गरज आहे तिथे मात्र ॲव्हरेजचा प्रश्नच बाजूला ठेवावा. माझा मावसभाऊ आजरा तालुक्यात शेती करतो. पावसाळ्यात त्याच्या बांधापर्यंतचा लाल चिखलाचा रस्ता साध्या गाडीला अशक्य असतो. फोर-लो लावलं की चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो आणि गाडी चालत्या माणसाच्या गतीने वर चढते. तेव्हा लिटरला तीन-चार किलोमीटर पडले तरी ते डिझेल सत्कारणी लागलं. कमी आरपीएमला मिळणारा भक्कम टॉर्क हा डिझेल इंजिनाचा खरा गुण, आणि अशा कामात त्याला अजून तोड नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं : अशा अनेक गाड्या आयुष्यभर फोर-लोचा नॉब न फिरवता घर, ऑफिस आणि मुलांची शाळा एवढंच करतात. त्या छोट्या फेऱ्यांत आणखी एक नुकसान होतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला भरपूर उष्णता लागते आणि त्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ही साफसफाई अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते.

खरं ॲव्हरेज काढायची पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून गळ्यापर्यंत भरू नका. किलोमीटर लिहून ठेवा. गाडी नेहमीसारखी चालवा. टाकी पाव उरली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कट-ऑफपर्यंत फुल करा. किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसलं, याचा भागाकार म्हणजे तुमचं ॲव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार-पाच टाक्यांची बेरीज घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा चढा असतो, त्याची यातून परीक्षा होते. मोठे टायर बसवले असतील तर आणखी एक दुरुस्ती हवी. घेर ५ टक्के वाढला की १०० किलोमीटर गेल्यावर मीटर ९५च दाखवतो, त्यामुळे ॲव्हरेज आहे त्याहून कमी दिसतं. टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. याहून स्वस्त बचत दुसरी नाही.

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. लिटरला किती किलोमीटर, हे मापच आपली दिशाभूल करतं. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. आपल्या आकड्यांत पाहू. छोटी गाडी १८ऐवजी २२ देऊ लागली, तर हजार किलोमीटरला दहा लिटर वाचतात. मोठी गाडी ८ऐवजी १० देऊ लागली तर पंचवीस. कानाला चारची वाढ दोनच्या वाढीपेक्षा मोठी वाटते, खिशाला नेमकं उलटं असतं. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात. त्या मापात ८ देणारी गाडी साडेबारा लिटर पिते आणि १० देणारी दहा. बचत लगेच दिसते. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि लिटरला ९० रुपये धरले, तर हा फरक ३७५ लिटरचा, म्हणजे पावणेचौतीस हजार रुपयांचा आहे. एक लिटर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एक टन धूरही वाचतो. मोठ्या गाडीवाल्याने 'आपल्याला काय फरक पडतो' म्हणू नये. सर्वात जास्त फरक त्याच्याच हातात आहे.

काही गोष्टी सरकारच्या हातातल्याही आहेत. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष जळलेलं इंधन मोजणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या वर्षी नोंदणी झालेल्या गाड्यांचे आकडे युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेपेक्षा रस्त्यावरचा खर्च डिझेल गाड्यांत सुमारे १८ टक्के आणि पेट्रोल गाड्यांत सुमारे २४ टक्के जास्त निघाला. आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासून गाडीवर यंत्र बसवून खऱ्या रस्त्यावर प्रदूषण मोजतात. त्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडही येतो, म्हणजे किती डिझेल जळालं ते तिथेच कळतं. मग हा आकडा ग्राहकाला का सांगू नये? प्रयोगशाळेतल्या मायलेजशेजारी रस्त्यावरचं मायलेज छापणं सक्तीचं करावं, अशी माझी मागणी आहे.

तोपर्यंत ही जबाबदारी आपली. चिखल, डोंगर, जड ओझं हे तुमचं रोजचं काम असेल, तर ही गाडी जरूर घ्या आणि तिच्या आठ-दहाच्या ॲव्हरेजची लाज बाळगू नका. काम डांबरी रस्त्यावरचंच असेल, तर टू-व्हील ड्राइव्ह किंवा एखादी लहान गाडी बघा. आणि गाडी आधीच दारात असेल, तर पुढच्या वेळी पंपावर टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा आणि शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं ते काढा. पारावर कुणी विचारलं, तर तोच आकडा सांगा.