आधी पत्ते मोजा

तुमच्याकडे दर शनिवारी मंडळी जमतात. नाहीतर दिवाळीच्या चार रात्री. कोकणात असलात तर गणपतीच्या जागरणाला. तीन पत्ती असेल, रमी असेल, नाहीतर मुलांनी अलीकडे घरात आणलेलं पोकर. खाली सतरंजी, मध्ये चिवड्याचं ताट, प्रत्येकापुढे थोडे पैसे.

आणि एका रात्री तुमच्या मनात येतं, हा एकटाच कसा जिंकतोय?

असा विचार आला म्हणून स्वतःला कोतं समजू नका. तो सगळ्यांच्याच मनात कधीतरी येतो. फक्त तो तिथल्या तिथे बोलून दाखवू नका. ‘तू पत्ते लावतोस’ एवढं एकदा तोंडून गेलं की ते परत घेता येत नाही. दोनशे रुपयांसाठी वीस वर्षांचा शेजार तुटलेला मी पाहिला आहे. दोन्ही घरं अजून एकाच जिन्याने चढतात. बोलत नाहीत.

आधी जरा हिशोब करा. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन पानं सारखी, सरासरी ४२५ हातांत एकदा लागते. सहा जण साठ डाव खेळले तर ३६० हात वाटले जातात. तेव्हा रात्रीतून कुणाला तरी एकदा ट्रेल लागली तर त्यात नवल नाही. जोडी तर साधारण सहा हातांत एकदा येतेच. मात्र एकाच माणसाला एकाच रात्री तीन ट्रेल लागल्या, तर जागे व्हा.

जागे व्हा म्हणजे त्याच्याकडे नव्हे, आधी गड्डीकडे बघा.

आपण पत्ते फार वाईट पिसतो. हातातल्या हातात वरची पानं खाली, खालची वर. चार वेळा केलं की झालं. गड्डीचे दोन भाग करून त्यांची टोकं फर्रकन एकमेकांत सोडण्याची जी पद्धत आहे, तीसुद्धा सात वेळा करावी लागते, तेव्हा ५२ पानं नीट मिसळतात. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी हे १९९२ साली मांडलं. हातातलं पिसणं त्याहून कितीतरी कच्चं. ती फर्रकन पद्धत जमत नसेल तर सगळी पानं सतरंजीवर उपडी पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर गोल गोल कालवा. पोरांना हे काम फार आवडतं.

आणि तीन-तीन पानं एकदम वाटू नका. बऱ्याच घरांत घाई म्हणून तसं वाटतात. मग मागच्या डावात एकत्र गोळा झालेली पानं तशीच एकाच्या हातात जातात. त्याची काही चूक नसते. एकेक पान वाटा.

आता बसण्याची जागा. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. कायम एकाच कोपऱ्यात बसायचे आणि बरेचदा जिंकायचे. आमच्यात कुजबुज सुरू झाली. एकदा त्यांना उशीर झाला म्हणून मी त्यांच्या जागी टेकलो. समोर आमचं शोकेस. त्याच्या काचेत, ट्यूबलाइटच्या उजेडात, समोरच्याच्या हातातली चौकटची राणी मला स्वच्छ दिसली. आता ते गृहस्थ काचेत बघत होते, की पंखा तिथे चांगला लागतो म्हणून बसत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांना काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी काचेवर चादर टाकली. त्या रात्रीही तेच जिंकले.

तेव्हा तुम्हीही एकदा प्रत्येक जागेवर बसून बघा. काचेचं टीपॉय, स्टीलचा डबा, बंद टीव्हीचा पडदा, मागे उभा राहून डोकावणारा भाचा. बरीचशी ‘लबाडी’ इथेच निघते.

उरलेलं काम नियमांनी होतं. खेळ सुरू होण्यापूर्वी पत्ते मोठ्याने मोजा. ५२ भरले पाहिजेत. गड्डी नवी घ्या. चिवडा खाऊन खेळलेल्या पत्त्यांना तेलाचे डाग पडतात, कोपरे दुमडतात. महिन्याभरात इस्पिकचा एक्का पाठीवरून ओळखू येतो, आणि तो सगळ्यात आधी घरच्याच माणसाला ओळखू येतो. गड्डी तुमची, घरही तुमचं. उद्या संशय तुमच्यावरही येऊ शकतो, हे विसरू नका.

एकाने पिसावं, दुसऱ्याने काटावं, तिसऱ्याने वाटावं. काटल्यावर गड्डीच्या तळाशी एक जोकर ठेवा, म्हणजे वाटताना खालचं पान कुणाला दिसत नाही. हे सगळं एका कुणासाठी म्हणून करू नका. ‘आजपासून असं खेळू या’ म्हणा आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातची गड्डी दुसऱ्याला काटायला द्या.

नियमही कागदावर लिहून ठेवा. एक-दोन-तीन मोठं की एक्का-राजा-राणी मोठी, यावर घराघरांत वेगळं मत असतं. निम्मी भांडणं तिथलीच.

आणखी एक. हातात काही नसताना बेधडक चाल वाढवणं ही लबाडी नव्हे. तो खेळच आहे. घाबरून तुम्ही पॅक केलंत आणि त्याच्याकडे दुर्री-पंजी निघाली, तर हसा. रागवायचं ते पान लपवण्यावर, दुसऱ्याचं पान बघण्यावर, नवरा-बायकोने एकमेकांना खुणा करण्यावर. शेवटचं तर अगदी गोड चेहऱ्याने चालतं. जोडप्यांना शेजारी बसवू नका, समोरासमोरही नको.

पैशांचा घोळ पत्त्यांपेक्षा जास्त होतो. बोर्डावर वीस टाकले म्हणायचं आणि दहाच टाकायचे. गर्दीत कळत नाही. म्हणून पैसे प्रत्येकाने आपल्या पुढ्यात मांडावे आणि डाव संपल्यावर एकानेच गोळा करावे. चिंचोके किंवा प्लास्टिकचे बिल्ले वापरत असाल तर कुणी किती घेतले ते वहीत लिहा. रात्री उठताना बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुणालाही न विचारता तूट सगळ्यांत सारखी वाटा. एक-दोनदा असं झालं की पुढच्या वेळी बेरीज आपोआप जुळते, असा माझा अनुभव आहे.

एवढं करूनही तुम्ही डोळ्यांनी काही पाहिलंत, तर? तेव्हाही आरडाओरडा नको. ‘चला, चहा टाकते कुणी?’ म्हणा आणि डाव तिथेच थांबवा. हिशोब करून मंडळींना घरी जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला एकट्याला भेटा. त्याच्या घरी नको, फिरायला जाताना बरं. जे पाहिलं तेवढंच सांगा. ‘काल वाटताना तू खालचं पान घेतलेलं मी पाहिलं.’ चोर, लबाड असले शब्द नकोत. मागच्या सहा महिन्यांचा हिशोबही काढू नका. मग गप्प बसा. त्याला बोलू द्या. कधी कधी समोरून जे येतं ते पत्त्यांबद्दल नसतंच. नोकरी गेलेली असते, हप्ते थकलेले असतात.

त्याने कबूल केलं आणि पैसे देऊ केले तर वहीप्रमाणे सगळ्यांना परत करा. नाकारलं तर वाद घालू नका. पैशांच्या डावाला बोलावू नका, इतकंच. पोराच्या मुंजीला मात्र बोलवा. त्याच्या बायकोला सांगू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक अक्षरही टाकू नका.

हरलेले पैसे कोर्टातून परत मिळतील या भ्रमात राहू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार कायद्याला मान्य नाही. ते तुम्हालाही लागू आणि ‘माझे जिंकलेले वीस हजार टाक’ म्हणून दारात उभं राहणाऱ्यालाही. असा कुणी धमकावू लागला तर घरात लपवून ठेवू नका. वडीलधाऱ्यांना सांगा, गरज पडली तर पोलिसांना सांगा. यजमान असाल तर जागेचे म्हणून डावामागे पैसे, ज्याला नाल म्हणतात, कधीही घेऊ नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. नाल सुरू झाली की तुमच्या दिवाणखान्याचा अड्डा होतो.

मित्राचा मित्र म्हणून आलेला, स्वतःची गड्डी घेऊन आलेला, दर अर्ध्या तासाने बोली वाढवू या म्हणणारा पाहुणा असेल, तर त्याच्याशी फिरायला वगैरे जायची गरज नाही. ‘आम्ही दोन रुपयांनीच खेळतो’ म्हणा. तो पुढच्या वेळी आपणहून येत नाही.

घरातल्या बाईमाणसाचं याबाबतीत ऐका. ती खेळत नसते, चहाचे कप घेऊन ये-जा करत असते आणि वरून सगळ्यांचे हात बघत असते. आमच्या शोकेसच्या काचेचं हिला म्हणे वर्षभर आधीच ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही पण त्या कोपऱ्यात बसायला धडपडत होतात की.